हॉकी, बिअर आणि वाकडे अंगण

हुबळी-धारवाडातील आपल्या मंडळींत हॉकीचा विषय निघाला की तीन ठरीव उसासे ऐकू येतात. ॲस्ट्रोटर्फ आले आणि आपली हॉकी संपली, हा पहिला. सगळा पैसा क्रिकेटने ओढून नेला, हा दुसरा. कोणी मोठा पुरस्कर्ता मिळाल्याशिवाय आता काही खरे नाही, हा तिसरा. उसासे टाकून झाले की चहा येतो, विषय बदलतो, आणि या खेळाविषयीचे आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानात मंडळी घरोघर जातात. आम्ही हा खेळ पन्नास वर्षे पाहत आणि ऐकत आलो आहोत. १९७५ साली क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा रेडिओला कान लावून बसलेल्या शाळकरी पिढीतले आम्ही. त्या नात्याने स्पष्ट सांगतो की हे तिन्ही उसासे खोटे आहेत. ते खोटे कसे, हे दाखवण्यासाठी आम्ही जो साक्षीदार उभा करणार आहोत, त्याला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. तो साक्षीदार म्हणजे बिअर.

या गावातल्या जुन्या मराठी घरांत हा शब्द दिवाणखान्यात उच्चारण्याचा नव्हता, याची आम्हांला जाणीव आहे. धारवाड जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली आपल्या वडीलधाऱ्यांनी काही वर्षे काढली. पुढे राज्य बदलले, तरी मनातली दारूबंदी टिकून राहिली. तिची चेष्टा करण्याचा आमचा विचार नाही. सरकारी नोकरीत खेडोपाडी हिंडताना दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण ज्या राज्याने २०२५-२६ साठी आपल्या अबकारी खात्यापुढे सुमारे ४०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले, त्या राज्यात राहून या वस्तूचे नावच घ्यायचे नाही, हे सोवळे आम्हांला पटत नाही. शिवाय आपली नातवंडे बंगळुरास नोकरीला आहेत आणि सणासुदीला घरी आली की ‘क्राफ्ट बिअर’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात येतो. तो काय प्रकार आहे हे समजून घेतले, तर हॉकीचे कोडे उलगडते. पेल्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. एक वस्तू नाहीशी होऊ लागली असता तिच्या चाहत्यांनी काय केले, एवढेच पाहायचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात मोठ्या कंपन्यांनी गावोगावच्या लहान ब्रुअऱ्या एकामागून एक विकत घेतल्या आणि बंद केल्या. लाकडी पिंपात यीस्ट जिवंत राहून अखेरपर्यंत मुरत जाणारी जुनी ‘एल’ नाजूक असते. तिला सांभाळावे लागते, आणि उघडल्यावर ती थोड्याच दिवसांत संपवावी लागते. कंपन्यांना हा व्याप नको होता. त्यांनी तिच्या जागी गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली, वायू भरून फेसाळ केलेली बिअर धातूच्या बंद पिंपांतून देशभर पोचवली. ती टिकाऊ होती, कोठेही गेले तरी तिची चव एकच होती, आणि ती चव बेतास बात होती. कंपन्या प्रबळ होत्या आणि पिणारे विखुरलेले होते. अशा वेळी १९७१ साली चार मित्रांनी एक चळवळ सुरू केली. पुढे तिचे नाव ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजेच ‘कॅम्रा’, असे रूढ झाले. कोणत्या गावी कोणत्या पबात खरी एल मिळते याच्या याद्या त्यांनी छापल्या, उत्सव भरवले, बंद पडणाऱ्या ब्रुअऱ्यांपुढे निदर्शने केली. सभासद लाखाच्या वर गेले. एल वाचली. सरकारने किंवा एखाद्या धनिकाने ती वाचवली नाही. जे ती पीत होते त्यांनीच ती वाचवली.

अमेरिकेतही तेच घडले. तेथे १९७८ साली घरच्यापुरती बिअर घरी बनवण्यास कायद्याने मुभा मिळाली, आणि परसात हंडे चढवणाऱ्या हौशी माणसांतूनच पुढे हजारो लहान ब्रुअऱ्या निघाल्या. आपल्याकडे पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली. हा इंग्रजी बोलीतला शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला आहे, हे कळल्यावर वाचकांना गंमत वाटेल. बंगळुरास २०१० साली ‘टॉइट’ उघडले, आणि आज त्या शहरात अशी मद्यगृहे डझनांनी मोजावी लागतात. एवढे करून त्यात असते काय? पाणी, मोड आणून भाजलेला सातू, हॉप्सची कडसर फुले आणि यीस्ट. हेच चार पदार्थ. फरक एवढाच की बनवणारा आणि पिणारा एकाच छपराखाली असतात, आणि आज बिघडले तर उद्या तोंडावर सांगणारा समोर बसलेला असतो. धारवाडच्या माणसाला हे समजावून सांगण्यासाठी इंग्लंडला जाण्याचीही गरज नाही. लाईन बाजारातल्या पेढ्यासाठी आपण रांगेत उभे राहिलो आहोत. तो पेढा देशाच्या कानाकोपऱ्यात कारखान्यातून निघाला असता, तर तो धारवाडचा राहिला असता काय?

आता हॉकीकडे वळू. बिअरच्या बाबतीत जे संकट धातूच्या पिंपातून आले, तेच हॉकीत कृत्रिम हिरवळीच्या रूपाने आले, असे म्हणणारे म्हणतात, आणि काळही जवळजवळ तोच आहे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये प्रथमच गवताऐवजी कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. येथवर सारे खरे आहे. पण त्या स्पर्धेत सुवर्णपदक कोणी जिंकले, हे आपले उसासे टाकणारे कधी सांगत नाहीत. ते न्यूझीलंडने जिंकले, आणि त्या संघातली मुलेही गवतावरच वाढलेली होती. १९८० साली मॉस्कोत भारताने सुवर्णपदक मिळवले ते कृत्रिम हिरवळीवर. अनेक देशांनी बहिष्कार घातल्यामुळे ती स्पर्धा दुबळी होती, असे कोणी म्हणेल. तर मग पाकिस्तानचे काय? तो देश आपल्याइतकाच गरीब, आणि तेथली मैदानेही आपल्यासारखीच. त्या पाकिस्तानने १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९४ साली सिडनीला विश्वचषक जिंकला, तो याच प्लॅस्टिकच्या गवतावर. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोणासाठी केली होती ते ठाऊक नाही, पण ती आपल्या हॉकीप्रेमी मंडळींना चपखल बसते.

कृत्रिम हिरवळीने कलात्मक हॉकी मारली, हाही एक लाडका सिद्धान्त आहे. धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीचे. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत ते मोडक्या काठ्यांनी खेळत मोठे झाले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा ते खेळले, आणि त्यांची सारी आंतरराष्ट्रीय कारकीर्द कृत्रिम हिरवळीवर गेली. त्यांची धाव आणि त्यांचे चकवे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने पुन्हा ‘कला मेली’ असे म्हणू नये. खेळाचे नियमही पुष्कळ बदलले. १९९० नंतरच्या दशकात ऑफसाइड गेला. पुढे फ्री हिट स्वतःच पुढे नेण्याची मुभा आली. पस्तीस मिनिटांच्या दोन भागांऐवजी पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. हा शेवटचा बदल जाहिरातींच्या सोयीचा आहे आणि त्याने खेळाची लय तुटते, असे आमचे मत आहे. पहिल्या दोहोंनी मात्र खेळ मोकळा झाला. पंचांच्या शिट्टीने दर मिनिटाला थांबणारी जुनी हॉकी आठवून गहिवरणाऱ्यांनी ती पुन्हा एकदा नीट आठवून पाहावी. पेनल्टी कॉर्नरवरचा ड्रॅग फ्लिक सामन्यावर फार हुकमत गाजवतो, ही तक्रार रास्त आहे. पण ज्याला तक्रार करायची आहे त्याने निदान सामना पाहिलेला असावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

दुसरा आणि तिसरा उसासा पैशाचा आहे. २०१८ पासून ओडिशा शासनाने भारतीय संघांचा भार उचलला आणि तो आधार २०३६ पर्यंत वाढवला. राउरकेल्याला बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले आणि २०२३ चा विश्वचषक तेथे खेळला गेला. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आणि २०२४ साली पॅरिसमध्ये आपल्या पुरुषांनी कांस्यपदके मिळवली. लागोपाठ दोन ऑलिंपिक पदके मिळण्याची गोष्ट १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच घडली. त्या शासनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण खेळाडू स्टेडियममधून उगवत नाहीत. सुंदरगड जिल्ह्यात स्टेडियम येण्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव हॉकीच्या स्पर्धा होत आल्या आहेत आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. सामना संपला की त्या बोकडाचे जेवण होते. भारताचे कर्णधार झालेले दिलीप तिर्की हे त्याच जिल्ह्यातल्या सौनामारा गावचे. पुरस्कर्ता आला तो खेळ तेथे आधीच जिवंत होता म्हणून. आधी झाड आणि मग पार, हा क्रम उलटा करून चालत नाही.

त्याच झारखंड-ओडिशाच्या आदिवासी मुलखात भात आंबवून केलेली हांडिया घरोघर होते. क्राफ्ट बिअर म्हणून बंगळुरात जिचा गाजावाजा चालतो, तिची ही थोरली आणि गरीब बहीण. हॉकी आणि हांडिया या दोहोंना एकत्र सांधणारा एक थोर पुरुष आपल्या इतिहासात होऊन गेला आणि आपल्या मंडळींना त्याचे नावही क्वचितच आठवते. जयपाल सिंह मुंडा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार. भारताचे हे पहिले हॉकी सुवर्ण, आणि त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. हेच जयपाल सिंह पुढे घटनासमितीचे सभासद झाले. १९४८ साली दारूबंदीचे तत्त्व घटनेत घालण्याची चर्चा निघाली, तेव्हा ते विरोधात उभे राहिले. भाताची बिअर ही आदिवासींच्या धर्मकार्यात आणि शेतीच्या कष्टात मुरलेली गोष्ट आहे, ती बाहेरच्यांनी परस्पर काढून घेऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. त्यातल्या मद्याविषयी वाचकांचे मत काहीही असो, त्यामागचे तत्त्व विचार करण्याजोगे आहे. जी गोष्ट समाज आपल्या हातांनी, आपल्या मेळाव्यासाठी बनवतो, ती टिकते. जी आणून दिली जाते, ती देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि त्याच्या मर्जीने जाते.

देणाऱ्याची मर्जी म्हणजे काय, याचे उदाहरण पुन्हा बिअरचेच घ्या. सॅन फ्रान्सिस्कोची ‘अँकर’ ब्रुअरी १८९६ पासूनची. १९६५ साली ती बुडत असता फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने तिच्यात पैसा घातला आणि स्वतः बाह्या सरसावून ती वाचवली. अमेरिकेतल्या साऱ्या क्राफ्ट बिअरची ती आजी मानली जाते. २०१७ साली जपानच्या ‘सापोरो’ कंपनीने ती विकत घेतली आणि २०२३ साली बंद केली. आपल्या कर्नाटकात ‘किंगफिशर’ बनवणारी युनायटेड ब्रुअरीज १९१५ ची. तिचा ताबा २०२१ साली नेदरलँड्सच्या ‘हायनेकेन’कडे गेला. यात कोणाचा दोष नाही, व्यापाराची रीतच ही आहे. मात्र एका पुरस्कर्त्याच्या खांद्यावर खेळाचा सारा संसार ठेवू पाहणाऱ्यांनी ही उदाहरणे उशाशी घेऊन झोपावे.

नेदरलँड्सचे नाव आलेच आहे, तर तेही पाहू. १९२८ च्या अंतिम सामन्यात भारताने याच देशाला त्याच्याच अंगणात ३-० असे हरवले होते. २०२४ साली पॅरिसला पुरुष आणि स्त्रिया या दोहोंची सुवर्णपदके त्या देशाने नेली. लोकसंख्या कर्नाटकाच्या एक तृतीयांशाहून कमी. पण तेथील हॉकी संघटनेचे नोंदलेले सभासद अडीच लाखांच्या आसपास आहेत. त्यांचे रहस्य आम्हांला विचाराल तर ते मैदानाच्या कडेला असलेल्या क्लबघरात आहे. शनिवार-रविवारी आईवडील, मुले, आजोबा सगळे क्लबात जमतात. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र बसून बिअर घेतात. त्याला ते ‘तिसरा अर्धा’ म्हणतात. आणि ती बिअर ओतून देणारा पगारी नोकर नसतो. सभासद आणि मुलांचे पालक पाळीपाळीने तेथे उभे राहतात, आणि त्या विक्रीतून क्लबाच्या तिजोरीला हातभार लागतो. एखाद्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा गिऱ्हाइकांचे पेले विसळावे, हे आपल्याकडे कोणाच्या कल्पनेत तरी बसेल काय?

म्हणजे आता मैदानावर दारू ओतावी असे तुमचे म्हणणे आहे तर, असा प्रश्न येईलच. आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. तिसऱ्या अर्ध्याला बिअरच हवी असे कोठे लिहिलेले नाही. हुबळीत गिरमिट आहे, मिरची-भजी आहे, चहा आहे. उणीव पेयाची नाही, बसणाऱ्यांची आहे. हे बिअरवाचून कसे जमते, ते आपल्याच राज्यात कोडगूमध्ये दिसते. तेथे १९९७ साली पांडंड कुट्टप्पा नावाच्या निवृत्त बँक-कर्मचाऱ्याने कोडवा घराण्यांची आपापसांतली हॉकी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी साठ घराण्यांचे संघ आले. दरवर्षी एक घराणे यजमान होते आणि चषकाला त्या घराण्याचे नाव मिळते. काका, पुतणे, लेकी, सुना एकाच संघात खेळतात. मध्यंतरी पूर आणि साथीमुळे खंड पडला, पण स्पर्धा मोडली नाही. २०२४ साली नापोक्लूला झालेल्या स्पर्धेत ३६० घराण्यांचे संघ उतरले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. १९७३ च्या विश्वचषकातले भारताचे कर्णधार एम. पी. गणेश याच मातीतले, आणि त्यांच्यानंतरही कोडगूने देशाला खेळाडू पुरवण्याचे थांबवलेले नाही. ही चळवळ एका निवृत्त माणसाने उभी केली, हे या त्रैमासिकाच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे, कारण आपल्यात निवृत्तांची वाण नाही.

आपल्या भागाला या खेळाचे वावडे होते, अशी सबबही सांगता येत नाही. १९६४ साली टोकियोत पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्या सामन्यातले गोलरक्षक शंकर लक्ष्मण महूचे, पण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आणि त्या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक ते खेळले. पुढे देशाच्या संघाचे कर्णधारही झाले. २००६ साली ते हलाखीत वारले. हुबळीत सदर्न मराठा रेल्वेने कारखाना काढला तेव्हापासून साहेबांबरोबर हॉकीही येथे नांदली. पण हॉकीची काठी पाहावी ती रेल्वे वसाहतीत आणि सेटलमेंटात. सेटलमेंट म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात माणसांना कुंपणात डांबून वसवलेली वस्ती. तो कायदा १९५२ साली गेला, वस्तीचे नाव राहिले. ज्यांना राज्यकर्त्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्या मुलांनी या गावाची हॉकी जिवंत ठेवली. आपण ज्यांना खानदानी म्हणवतो त्या घरांतून त्या मैदानाकडे सामना पाहायला तरी किती जण गेले?

जागेचे रडगाणेही आम्ही पुष्कळ ऐकले. शासकीय सेवेत असताना क्रीडांगणांच्या ज्या फायली आमच्या टेबलावरून गेल्या, त्यांत एक गोष्ट हटकून असे. प्रेक्षागार आधी, कमान त्याच्या आधी, पाहुण्यांची खोली सर्वांच्या आधी, आणि मैदान उरल्या पैशात. आता टूम आहे कृत्रिम हिरवळीची. ती सामन्यापूर्वी हजारो लिटर पाण्याने भिजवावी लागते. मलप्रभेच्या रेणुकासागरातून येणारे पाणी ज्या शहरातल्या कित्येक वस्त्यांना आठवड्याच्या अंतराने मिळत आले, तेथे दहा वर्षांच्या मुलांना काठी धरायला शिकवण्यासाठी प्लॅस्टिक भिजवत बसणे हा शुद्ध अविचार आहे. राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूला ती हिरवळ अवश्य हवी. पण लहान मुलाला हवा दगड वेचून लोळण फिरवलेला मुरमाचा तुकडा, आणि ‘उद्या ये’ म्हणणारा एक माणूस. हुबळीच्या रेल्वेस्थानकावर २०२३ साली १,५०७ मीटर लांबीचा फलाट झाला आणि जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून आपण त्याची छायाचित्रे नातेवाइकांना पाठवली. हॉकीचे मैदान अवघे ९१ मीटर लांब असते. त्याच्याकडे वळून पाहायला मात्र आपल्याला सवड झाली नाही.

सवड नाही म्हणावे, तर कुलसंमेलनांना ती बरोबर होते. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जातात, मूळपुरुष कोणत्या सरदाराबरोबर कृष्णा ओलांडून या मुलखात आला याच्या वंशावळी निघतात, वर्षा-दोन वर्षांनी मंगल कार्यालयात दोनशे माणसे जमतात. दीपप्रज्वलन होते, पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाली मिळतात, तीन भाषणे होतात आणि जेवून मंडळी पांगतात. तरुण मुले कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेली असतात, आणि त्यांना आपल्या परंपरेची आस्था नाही म्हणून वडीलधारे हळहळतात. कोडवांनीही आपली घराणीच एकत्र आणली. पण त्यांनी घराण्याला करायला काही तरी दिले. आपण ऐकायला दिले. गाण्यातली घराणी आपल्या या जुळ्या शहराला जगात नाव देऊन गेली, ती तरी काय वंशावळी छापून टिकली? रोज पहाटे कोणी तरी तंबोरा जुळवला म्हणून टिकली.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यापुढे ज्या घराण्याचे कुलसंमेलन हुबळी-धारवाडात भरेल, त्याने सकाळचा सत्कार एक तासाने आखडावा आणि सात-सात जणांचा एक सामना खेळावा. शेजारच्या कन्नड घराण्याला आव्हान द्यावे. सेटलमेंटातल्या जाणत्या खेळाडूला मानधन देऊन शिकवायला बोलवावे आणि जेवणाच्या पहिल्या पंगतीला बसवावे. लेकी-सुनांनी खेळावे. बंगळुराहून आलेल्या नातवाला रात्री काय प्यायचे ते पिऊ द्यावे, पण सकाळी त्याच्या हाती काठी द्यावी. आपल्याला ताज्या, अस्सल, हातच्या वस्तूची पारख आहे असे म्हणणाऱ्या पिढीला ती पारख पेल्याबाहेरही दाखवण्याची संधी मिळू दे.

आमच्या वयात हे कसे जमावे, असा आक्षेप घेणाऱ्यांना एकच विचारतो. आपण दोनशे वर्षांमागे या मातीत आलो. येथल्या पाण्यावर वाढलो, येथल्या भाषेत बाजार केला आणि घरी मराठी राखली. ती कोणत्या पुरस्कर्त्याने राखून दिली? हे त्रैमासिक तरी कोणाच्या जाहिरातीवर चालते? सभासद लिहितात, सभासद मुद्रिते तपासतात, सभासदच गठ्ठे बांधून टपालात टाकतात आणि सभासदच वाचून नावे ठेवतात. म्हणून ते चालते. ज्या समाजाला हे जमते, त्याने हॉकीच्या बाबतीत तेवढे पुरस्कर्त्याची वाट पाहत बसावे, हे आम्हांला मान्य नाही. अंगण कधीच वाकडे नव्हते. नाचायला उतरण्याची इच्छा आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर उसाशाने देता येत नाही.